जिन्याचं काम

बसा असे पंख्याखाली. एका साध्या शब्दाने शंतनूची कशी वाट लावली, ते सांगतो.

शंतनू गिरगावातल्या खोताच्या वाडीतला. संगीतवाला, पण पेटी नाही की तबला नाही. नळ, शटर, लिफ्टचं दार, वाजेल ते त्याचं वाद्य. यंदा घरचाच लाकडी जिना धरला. अकरा पायऱ्या, अकरा कुरकुरी. प्रत्येकीला बटणाएवढा माईक लावायचा, लोकांनी चढायचं-उतरायचं, हाच कार्यक्रम. रविवारी चारला वीस जण येणार होते. "रेकॉर्डिंगच ऐकव ना," म्हटलं की भडकायचा. "ते घरी बसून कोणीपण ऐकेल. माणूस चढला पाहिजे!"

आता ही आर्टिस्ट मंडळी कलेला 'काम' म्हणतात. तसंच तो नलूआत्याला सांगून बसला, "आत्या, रविवारी जिन्याचं काम आहे."

शनिवारी दुपारी घरी आला, पायरीवर पाय ठेवला. आवाज नाही. दुसरी, तिसरी, वरपर्यंत सगळ्या मुक्या.

"आत्या! जिन्याला काय झालं?"

"केलं ना काम." आत्या वर वाटाणे सोलत होती. "पाहुणे यायच्या दिवशी सुतार आणतात होय रे? माझगावच्या रघूला सकाळीच बोलावला. पाचरी ठोकल्या, स्क्रू पिळले. बघ कसा गप्प झालाय."

शंतनू खाली येऊन पहिल्या पायरीवर टेकला. तिथेच बसून लॅपटॉप उघडला. टेस्टिंगला शेजारच्या रमाकांतला आणि अंबिकाला तीन पायऱ्या चढवल्या होत्या, तेवढंच रेकॉर्डिंग हाताशी होतं. त्यावरून बाकीच्या पायऱ्या कॉम्प्युटरकडून बनवून घेतल्या आणि स्पीकरवर लावल्या.

"रमाकांत आला वाटतं," आत्या वरूनच. "पाय ओढतोय." मग, "ही अंबिका. हिला कायम घाई." मग बनवलेला आवाज वाजला, तशी ती थांबली. "हा कोण रे? चढतोय, पण अंगात वजनच नाही मेल्याच्या."

शंतनूने लॅपटॉप मिटला आणि रघूला फोन लावला.

रघू आला तो तोंड पाडूनच. "शंतनूशेठ, तीस वर्षांत माझं काम उखडायला कोणी नाय सांगितलं."

"माझं पण आजवर कोणी उखडलं नव्हतं."

दोघांनी अंधार पडेस्तोवर खटपट केली. पाचरी अशा बसल्या होत्या की हलेनात. एकटी चौथी पायरी बोलायला लागली.

रविवारी वीस जण त्या एका पायरीवर वाजले. वर आत्या पाठ करून बसलेली. "हा जाडा." "हिची चप्पल नवी आहे." "हा घाबरट, अर्धाच पाय टाकतो." लोक हसत खाली जायचे, परत चढायचे. शंतनू कोपऱ्यात उभा, हात खिशात. कुणीतरी विचारलं, हे काम तुमचं की आत्याचं?

"रघूचं पण," तो म्हणाला.

माईक त्याने काढले, पण आत्या अजून चौथीकडे कान लावून असते. तर गिरगावात गेलात की एवढं करा. खालून हाक मारू नका, नाव सांगू नका. चौथ्या पायरीवर पुरतं वजन टाका आणि आत्या काय म्हणते ते मला येऊन सांगा.