आई झोपलीय

थोरली नऊ वर्षं आईचं करत होती. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या आणि घरी आल्यावर अंथरुणाला खिळलेल्या आईची कूस बदलायची, वेणी घालायची. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पण संध्याकाळी आई मोठ्याने प्रार्थना करी, तेव्हा त्यात सगळ्यात आधी दूर राहणाऱ्या धाकटीचं नाव यायचं. "प्रभू, माझ्या चिमणीला सांभाळ." थोरलीचा नंबर गुडघेदुखीनंतर. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

धाकटीचा फोन रविवारी यायचा. पाच मिनिटांचं ते बोलणं आईला आठवडाभर पुरे. "जेवलीस का, म्हणून विचारलं गं तिने. किती माया पोरीची!" आणि हे ऐकत थोरली चमच्याने तिला भरवत असायची. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका रविवारी फोन वाजला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आई झोपलीय." आई आत टक्क जागी होती. पुढच्या रविवारीही तेच, तिसऱ्यालाही तेच.

"चिमणीचा फोन नाही आला?"

"विसरली असेल."

आईचा उतरलेला चेहरा बघून तिला आतून बरं वाटलं. त्याची तिला भीतीही वाटली. तरी ती थांबली नाही.

चौथ्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाचा विधी होता. पाळक भाकरीचं ताट घेऊन समोर आले, तसे तिने हात मागे घेतले.

"काय झालं, ताई?"

"सख्ख्या बहिणीला पाण्यात बघतेय मी. आईशी खोटं बोलतेय. माझा हक्क नाही."

मागे रांग खोळंबली. पाळक हळूच म्हणाले, "हक्काने मिळत असतं, तर आधी मीच उपाशी राहिलो असतो. शब्द आपण मोडतो, प्रभू नाही मोडत. हात पुढे करा."

घरी येताच तिने स्वतःच फोन लावला. "आई एकदाही झोपलेली नव्हती. मी जळत होते तुझ्यावर."

धाकटी म्हणाली, "ठाऊक होतं, ताई. मागे तिचा खोकला ऐकू यायचा."

"मग भांडली का नाहीस?"

"कुठल्या तोंडाने? नऊ वर्षांत मी तिला पाणी तरी दिलंय का? रडले मात्र खूप. तुझा रागही आला."

थोरली फोन घेऊन आत गेली. "आई, चिमणीचा फोन दर रविवारी येत होता. मीच तुला दिला नाही."

आईने हात पुढे केला. रागावली नाही, 'असू दे'ही म्हणाली नाही. "दे आता," एवढंच म्हणाली.

मग मायलेकींचं हसणं सुरू झालं आणि थोरलीच्या अंगाचा पुन्हा तिळपापड झाला. फोन हिसकावून घ्यावासा वाटला. "प्रभू, अजून गेलं नाही रे हे," ती पुटपुटली. "तू मात्र जाऊ नकोस."

फोन धरून आईचा हात दमला. थोरली पलंगावर बसली आणि फोन तिच्या कानाशी धरून राहिली.