ढवळीचा चीक

चतुराबाईंची गाभण ढवळी गाय महिनाभरात दोनदा आजारी पडली, आणि दोन्ही वेळा गाईला काहीही झालेलं नव्हतं. हे साऱ्या टेंभुर्णीत फक्त तिघांना ठाऊक होतं: चतुराबाईंना, त्यांच्या नवऱ्याला पुंजारामला आणि खुद्द ढवळीला. पुंजाराम बोलत नसे आणि ढवळीला बोलता येत नव्हतं, म्हणून प्रकरण निभावून गेलं.

त्याचं असं झालं, की गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात नवी डॉक्टरीण आली होती. दैवशाला. चतुराबाईंच्या नणंदेची, सत्यशीलाची मुलगी. जालन्यात वाढलेली, परभणीला शिकलेली, सव्वीस वर्षांची. कागदावर, लग्नपत्रिकांवर, सगळ्या भावकीच्या तोंडी ती सत्यशीलाचीच होती. जन्म मात्र तिला चतुराबाईंनी दिला होता.

सत्यशीलाला चार वेळा दिवस गेले आणि चारही वेळा पोट रिकामं झालं. इकडे चतुराबाईंना दोन मुलगे झाले आणि मागून ही पोरगी. सासूनं ठरवलं, सत्यशीलानं पदर पसरला, आणि तिचा तो चेहरा बघून चतुराबाईंनी पोर दिली. कुणी ओढून नेली नाही. पाचवी पुजली आणि सहाव्या दिवशी सत्यशीला बाळ घेऊन जालन्याला गेली. त्याआधी सासूनं देवापुढं सुनेकडून बेलभंडारा उचलून घेतला, की पोरीला जन्मात कधी सांगायचं नाही. म्हातारी पक्की होती. लेकीच्या संसाराला कुठं फट राहू नये, एवढंच तिला कळत होतं; सुनेच्या पान्ह्याचं काय, हा प्रश्न तिला पडला नाही. आता ती वर गेली, तिच्याशी भांडून उपयोग नाही.

तेव्हापासून लग्नाकार्यात ती पोरगी "मामी" म्हणून पाया पडली, की चतुराबाईंना दोन दिवस घास उतरत नसे. तीच पोरगी आता गावात येऊन राहिली होती, अन् राहिली कुठं, तर बसस्टँडमागं भाड्याच्या खोलीत. चतुराबाईंनी घरची खोली झाडून, पोतारा फिरवून तयार ठेवली होती. दैवशाला हसून म्हणाली, "नको मामी, मला दवाखान्याजवळ बराबर पडतं." चतुराबाई हसल्या, घरी आल्या आणि त्या रिकाम्या खोलीत मक्याची पोती रचून ठेवली.

पण बघावंसं तर वाटणार. रोज वाटायचं. स्कूटीचा आवाज आला की त्या हातातली भाकरी तव्यावर टाकून दारात येत, आणि मागं भाकरी करपे. शेवटी त्यांनी फोन केला. "बाई, ढवळी रवंथ करून न्हाई राह्यली."

दैवशाला आली. ढवळी बाभळीखाली बसून डोळे मिटून मजेत रवंथ करत होती. त्या निर्लज्ज जनावराला धनिणीची अब्रू राखता आली नाही. दैवशालानं तरी तपासलं. गाईच्या डाव्या कुशीतल्या खळग्यात मूठ दाबून ती घड्याळ बघत उभी राहिली.

"मामी, इथं हात ठेवा. ढकलल्यासारखं लागलं? हे पहिलं पोट. दोन मिनिटांत तीनदा घुसळतंय, म्हणजे ठणठणीत आहे."

"असं घुसळतं व्हय आतमधी?"

"मग! गाय आधी चावतच न्हाई. मिळेल ते भराभर गिळून ठेवते. मग निवांत बसली की एकेक घास वर आणते, चावते, पुन्हा गिळते. चार कप्पे आहेत तिला, घाई कशाची?"

चतुराबाईंचा हात गाईच्या कुशीवर होता आणि त्यावर पोरीचा हात होता. आपलंही तसंच आहे, असं त्यांना सांगावंसं वाटलं. त्या वेळी गिळून टाकलं, आणि तेव्हापासून एकटं बसलं की तोच घास वर येतो. त्या एवढंच म्हणाल्या, "चहा घेतीस का?"

"नको, तीन गावं बाकी आहेत," म्हणून ती गेली.

पुढचा आठवडा त्यांनी कसाबसा काढला. मग फोन. "बाई, ढवळीची छाती लई धडधड करून राह्यली." धडधड करत होती ती कुणाची छाती, हे सांगायला नकोच. दैवशालानं गाईच्या डाव्या कोपरामागं नळी लावली, मिनिटभर मोजलं, "चौसष्ट," म्हणाली. मग काय मनात आलं कोण जाणे, नळीची टोकं तिनं मामीच्या कानात घातली. कानावरचे पांढरे केस बोटांनी मागं सारले.

चतुराबाईंनी गाईचं काळीज ऐकलं, पण खरं सांगायचं तर त्यांचं सगळं लक्ष कानामागच्या त्या बोटांकडं होतं.

"एक लिटर दूध व्हायला चारेकशे लिटर रक्त कासेतून फिरावं लागतं, मामी. ही पोटाखालची जाड शीर दिसते ना, तिच्यातून ते परत काळजाकडं जातं."

"एवढं रगत आटवून ती दूध करती," चतुराबाई म्हणाल्या, "अन् दुसरंच कुणी पितं."

दैवशालानं त्यांच्याकडं पाहिलं. मग नळी गुंडाळून म्हणाली, "मामी, गाय बिलकुल चांगली आहे. आता खरंच काही झालं की फोन करा. दवाखान्यात एकटीच असते मी."

ती रागावली नव्हती. पण चतुराबाईंना शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीनं आपलं सोंग ओळखलं. येडी मामी, उगीच बोलावते, असं म्हणत असेल. त्यांनी फोन कपाटात कपड्यांखाली ठेवून दिला.

आणि त्यानंतर बारा दिवसांनी, सकाळी सहाला ढवळी व्याली. सुखरूप सुटली. कालवड झाली, आईसारखी पांढरी, कपाळावर तांबूस डाग. पुंजारामनं नाक-तोंड पुसलं, गाईनं चाटायला घेतलं. कालवड उठायला धडपडली, दोनदा पडली, तिसऱ्यांदा उभी राहून कासेकडं निघाली, तर चतुराबाईंनी तिला धरून बाजूला बांधलं. अजून वार पडली नव्हती. वार पडेपर्यंत वासराला तोंड लावू द्यायचं नाही, नाहीतर वार आत अडकते आणि वासराला चीक बाधतो, हा सासूचा नियम. आख्खी आळी तोच पाळायची. सासूचे बाकी सगळे नियम चतुराबाईंनी हळूहळू वळचणीला टाकले होते, हा एक गोठ्यात शिल्लक राहिला होता.

सात वाजले, आठ वाजले. वार लोंबत होती. कालवड ओरडत होती, गाय दाव्याला हिसके देत होती. नऊ वाजता कालवड ओरडायची थांबली आणि चतुराबाईंना बरं वाटलं, की शहाणी झाली. दहाला ती मान टाकून पडली. कान हाताला गार लागले.

पुंजारामनं बायकोकडं पाहिलं, मग घराकडं पाहिलं. त्याचं बोलणं ते एवढंच. चतुराबाईंनी कपाटातून फोन काढला आणि तो हातात घेऊन उंबऱ्यावर बसून राहिल्या. पोरगी म्हणेल, झालं सुरू मामीचं. अकरा वाजले तेव्हा कालवड तोंडात घातलेलं बोटही चोखेना. मग त्यांनी लाज गुंडाळून ठेवली.

"मामी, खरंच का?" पलीकडून आवाज आला.

"खरंच गं बाई. ढवळीची कालवड मान उचलंना. जल्दी ये."

"कधी झाली? चीक किती पाजला?"

"सहाला. अजून पाजला न्हाई, वार पडली न्हाई ना."

पलीकडं स्कूटीची किल्ली खळखळली. मग दैवशाला म्हणाली, "पोत्यानं अंग घासत राहा. मी निघाले."

ती आली ती धावतच. मामीकडं बघितलंही नाही. कासेखाली बसून तिनं भांड्यात चीक पिळला, हळदीसारखा पिवळा, दाट. बाटलीला निपल लावलं, कालवडीची मान मांडीवर घेतली, तोंडात बोट घालून टाळूला चोळत राहिली. पुंजारामनं मागून अंग धरलं. किती वेळ काहीच होईना. चतुराबाई हात जोडून उभ्या होत्या, आणि त्या फक्त कालवडीसाठी उभ्या नव्हत्या. पोरीनं एवढ्या दिवसांत एक गोष्ट मागितली होती, खरं असलं की बोलवा. आणि खरं होतं तेव्हाच आपण पाच तास दवडले. ही कालवड मेली तर ती ह्या दारात पुन्हा कशाला येईल?

मग कालवडीची जीभ हलली. एकदा, दोनदा. निपल धरलं आणि घशाखाली घोट उतरलेला दिसला.

"पी गं," दैवशाला म्हणाली. बाटली अर्धी झाल्यावर ती मामीशी बोलली. "मामी, वासरू जन्मतं ते अगदी कोरं. रोगाशी लढायला त्याच्या रक्तात काहीच नसतं. गाईच्या वारेतून ते जात न्हाई, सगळं चिकात असतं. अन् आतड्याचं दार फक्त पहिले काही तास उघडं असतं. चीक थेट चौथ्या पोटात जातो, तिथून आतड्यात, आतड्यातून जसाच्या तसा रक्तात. तासागणिक दार लोटत जातं. उद्या सकाळी घागरभर पाजला तरी रक्तात थेंब जायचा न्हाई."

"आता?"

"अजून थोडं उघडं असंल. अन् वासरू पिलं की गाईची पिशवी आवळते, वार उलट लवकर पडते. नियम कुणी काढला हा?"

"तुझ्या आज्जीनं," चतुराबाई म्हणाल्या.

कालवड बाटली संपवून ढुशी मारायला लागली. दैवशालानं तिला उभी करून कासेला लावली, आणि ढवळीनं लेकीचं शेपूट चाटायला सुरुवात केली. तिघंही खाली मातीतच बसली. चतुराबाईंना विचारल्यावाचून राहवेना.

"माणसाचं बी असंच असतं का?"

"माणसाचं बाळ बरंच काही पोटातूनच घेऊन येतं, आईच्या रक्तातून. उरलेलं चिकातून मिळतं."

"अन् टिकतं किती दिवस?"

"पाच-सहा महिने. मग संपतं. तोवर बाळ स्वतःचं तयार करतं."

"मंग आईचं काहीच उरत न्हाई?"

विचारलं आणि त्यांचं त्यांनाच कळलं, की आवाज फार मोठा निघाला. दैवशाला कालवडीकडंच बघत होती. तिनं हाताला लागलेला चीक ओढणीला पुसला.

"मामी, मला मिळाला होता का चीक?"

चतुराबाईंनी झटकन पुंजारामकडं पाहिलं.

"आईनं सांगितलं मला. परीक्षा पास झाले तेव्हा. म्हणाली, माझ्यानं आता पोटात ठेववत न्हाई. नोकरीसाठी मला चार गावं विचारली होती, मी टेंभुर्णी मागून घेतली." ती थांबली. "तुमच्या घरात राहून तुम्हाला मामी म्हणणं मला जमलं नसतं, म्हणून खोली घेतली. अन् विचारायचं कसं, ते कळत नव्हतं. तुम्ही खोटंखोटं बोलवत होतात तर मला बरं वाटत होतं. पण खोट्याला किती दिवस यायचं? एकदा खरं बोलतील, म्हणून वाट बघत होते."

चतुराबाईंच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण बेलाचं ते पान, हाताला लागलेली ती पिवळी हळद, सासूचे ते डोळे, सगळं आडवं आलं. देवाची शपथ होती. त्यांनी तोंड उघडलं आणि पदर तोंडात कोंबून रडू लागल्या.

तेव्हा पुंजारामनं घसा खाकरला.

"मी न्हाई उचलला बेलभंडारा," तो म्हणाला. "मला कुणी म्हणलंच न्हाई."

दोघी त्याच्याकडं बघत राहिल्या. खरंच होतं. जो माणूस बोलतच नाही, त्याच्याकडून शपथ घ्यायचं म्हातारीला सुचलं नव्हतं.

"आई म्हणल्ती, चीक लेकराला जड पडतो, पिळून भुईवर टाका अन् तीन दिवस मधाचं बोट चाटवा." इतकं लांब वाक्य तो वर्षात बोलला नसेल, तो दम घ्यायला थांबला. "तू सकाळची झाल्ती. दुपारी आई आळीत साखर वाटायला गेली. हिनं मला दारात बसवलं, आई आली की खोकायचं म्हणून. अन् तुला घेतलं."

दैवशालानं चतुराबाईंकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"किती पाजलंस?"

चतुराबाईंनी तोंडातला पदर काढला. देव काय ते बघून घेईल, सव्वीस वर्षं त्याचं ऐकलं होतं.

"पोटभर," त्या म्हणाल्या. "तुझी आज्जी चांगली तासभर आली न्हाई. पोटभर पिलीस माय, अन् माझ्याच अंगावर झोपलीस."