एकवीस प्रकरणं

आमच्या घरात पुस्तक मधूनच उघडत नसत. वडील पोथी वाचायचे ती आंघोळ करून, पाटावर बसून, पहिल्या ओळीपासून. अध्याय अर्धा टाकून कुणी उठलेलं त्यांना खपत नसे. बेळगाव सोडून मी बंगळुरात कारखान्यात लागलो, यंत्रांची ड्रॉइंगं वाचायला शिकलो, पण ही सवय सुटली नाही. मला तिचा अभिमानच होता, हे आधी कबूल करतो.

अठ्ठावनच्या उन्हाळ्यात आमच्या लेकीला, प्रेमाला, पोलिओ झाला. चार वर्षांची होती. ताप उतरला आणि डावा पाय लुळा पडला. इस्पितळात खाटा पुरत नव्हत्या. घरी न्या, पडून राहू द्या, तीन आठवड्यांनी दाखवा, असं सांगून त्यांनी आम्हाला वाटेला लावलं. पोर पुन्हा चालेल का, एवढंच मला हवं होतं, आणि तेच विचारायला माझी जीभ उचलली नाही.

म्हणून जयनगरच्या वाचनालयात गेलो. तिथला ग्रंथपाल जयतीर्थ आमच्याच बेळगावकडचा. त्याने पोलिओवरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं आणि विचारलं, "ह्यात काय बघायचं आहे, अण्णा? सांगा की, पान काढून देतो."

"काही नाही, सहज," मी म्हणालो. लेकीचं दुखणं चव्हाट्यावर कशाला मांडायचं? शिवाय पान काढून द्यायला मी काय पहिलीत होतो?

पुस्तकात एकवीस प्रकरणं होती आणि हाताशी एकवीस दिवस. मला तो शुभशकुन वाटला. रोज सकाळी आंघोळ करून, कामावर जायच्या आधी, एक प्रकरण. रोगाचा इतिहास झाला, साथींची कोष्टकं झाली, मज्जातंतूंची चित्रं झाली. बायकोला, अलकाला, इंग्रजी येत नव्हतं. ती पोरीच्या उशाशी बसून रोज विचारी, "अहो, पायाचं काय करायचं, ते आलं का?"

"येईल क्रमाने."

"तेवढंच स्वल्प आधी बघा की."

"पोथी अशी वाचतात का?" मी खेकसलो. खरं सांगायचं तर मला ते पान उघडायची भीती वाटत होती. चालणार नाही, असंच तिथे लिहिलेलं असलं तर? क्रमाच्या आड लपणं सोयीचं होतं.

सतराव्या दिवशी ते प्रकरण आलं. लुळं पाऊल खाली झुकू देऊ नये. पहिल्या दिवसापासून तळव्याला फळी टेकवून ते काटकोनात ठेवावं, नाहीतर टाचेमागची शीर आखडते आणि टाच जमिनीला टेकत नाही. फळीचं चित्रही होतं. तशी फळी मी कारखान्यात दहा मिनिटांत केली असती.

मी उठलो आणि पोरीचं पांघरूण दूर केलं. पाऊल पुढे झुकलेलं होतं. तळव्याला हात लावून हळूच वर ढकललं. ते अर्ध्यावर अडलं आणि प्रेमा रडायला लागली.

"काय झालं?" अलकाने विचारलं. मी तिला ते पान मराठीत सांगितलं, शब्द न गाळता.

तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "पुस्तक आणलं त्या दिवशी पण हे ह्यात होतं?"

"होय."

तिने पोरीचं पाऊल मांडीवर घेतलं.

"मोठी झाली की ही विचारील," ती म्हणाली, "तेव्हा तुम्हीच सांगा तिला."