चार अँपिअरचं घर

सिनाआ रस्त्यावरच्या संगणक बाजारात जुनी ग्राफिक्स कार्डं विकणारे पुष्कळ आहेत, पण वही फक्त माझ्याकडे आहे. बारा वर्षांत हाताखालून गेलेल्या प्रत्येक कार्डाची मेमरी, वेग, ते किती वीज खातं, किती तापतं, सगळं तिच्यात आहे. खोक्यावर छापलेल्या आकड्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. मी मोजतो, मगच बोलतो. शेजारच्या दुकानातला अबू सरमद माझ्याबद्दल म्हणतो, मुहन्नदला बायकोसुद्धा मोजूनमापून आणायची होती, म्हणून राहिला बिचारा तसाच.

नब्रास आली ती मंगळवारी सकाळी. घरी बसून लग्नांचे व्हिडिओ तयार करून द्यायची. तिचं कार्ड जळलं होतं आणि शुक्रवारच्या आत तीन लग्नं द्यायची होती. मी तिच्यापुढे दोन कार्डं ठेवली. लहान होतं त्याला बाजारात आम्ही चिमणी म्हणतो. दोन जीबी मेमरी, एकच पंखा, पंच्याहत्तर वॉटमध्ये भागतं. दुसरा तन्नूर, म्हणजे रोट्यांची भट्टी. चिमणीपेक्षा तीन वर्षांनी जुना, वजनाला विटेएवढा, तीन जीबी मेमरीचा, अडीचशे वॉट गिळणारा. पण काम चिमणीच्या दुपटीहून जास्त करायचा. जुनं म्हणजे दुबळं समजणाऱ्यांची तोंडं बंद करायला मी तो जपून ठेवला होता. त्याच्यावर माझा जीव होता, हे कबूल करतो.

"एका लग्नाला चिमणी पाच तास घेईल," मी वही तिच्याकडे फिरवली. "तन्नूर दोन."

तिने दोन्ही ओळी बोट ठेवून वाचल्या. "उस्ताद, वेग कुणाला नको? पण आमच्याकडे चारच अँपिअर आहेत, गल्लीतल्या जनरेटरचे. त्याच्या वर गेलं की पेटीतला ब्रेकर पडतो. सरकारी वीज येते कधी आणि जाते कधी. बाबांचं ऑक्सिजनचं यंत्रही त्याच लाइनीवर आहे."

"ते किती खातं?"

"दीड. मागे लिहिलंय."

"आणि बंद पडलं तर?"

"डॉक्टर म्हणतात पंधरा मिनिटं. मी दहाच धरते."

मी तन्नूर दुकानातल्या संगणकात बसवला, मीटर लावलं आणि त्याला पूर्ण जोराने पळवलं. अख्ख्या संगणकाचा काटा बरोबर दोन अँपिअरवर थांबला. "दोन आणि दीड, साडेतीन. वर अर्धा उरतो, त्यात पंखा फिरवा."

"नक्की ना?"

"ताई, मी मोजलंय."

अबू सरमद चहाचा पेला घेऊन दारात उभा होता. "पोरी, चिमणी ने. हा तन्नूर घरात ठेवलास तर त्याच्यावर रोट्याच भाजाव्या लागतील."

"ज्याला मोजता येत नाही त्याने बडबडू नये," मी म्हणालो. मला राग आला होता. तिच्यासमोर तर जास्तच.

"काम लावून मी बाहेर गेले तर चालेल?" जाताना तिने विचारलं. "औषधाच्या दुकानात तासभर जातो."

"खुशाल जा."

पावतीवर तिने पत्ता लिहिला, जब्बार शिंपी यांचं घर, जाफरानिया, खाली फोन लिहिला, तन्नूर ओढणीत गुंडाळला आणि गेली.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. सरकारी वीज गेली आणि बाजार जनरेटरवर आला की आम्ही मोजमाप थांबवतो. जनरेटरच्या विजेचा दाब कमी असतो, उन्हाळ्यात तर फारच, कार्डं अडखळतात, आकडे बिघडतात. बिघडलेला आकडा वहीत कोण लिहील? म्हणून माझ्या वहीतला एकूण एक आकडा चांगल्या विजेवरचा आहे. मला त्याचा अभिमान होता.

बुधवारी दुपारी मी दुसरा एक तन्नूर मीटरवर पळवत होतो. बाहेर डांबर मऊ झालं होतं. वीज गेली, जनरेटर गुरगुरला, दिवा पिवळा पडून पेटला. मी संगणक बंद करायला हवा होता, पण हातात पेला होता. तेवढ्यात संगणक आपोआप पुन्हा सुरू झाला, कार्डाची चाचणीही सुरू झाली. मीटर दोनवर आलं आणि तिथे न थांबता वर चढू लागलं. सव्वादोन. अडीच. दोन पूर्णांक सात.

दाब उतरला की यंत्र आपली भूक भागवायला जास्त अँपिअर ओढतं. हे मला शाळेतही माहीत होतं. तिच्या बाबांचं यंत्रही तसंच ओढणार. दीडाचे दोन. दोन आणि दोन पूर्णांक सात. तिच्या घरात चार होते, आणि मी तिला खुशाल जा म्हणालो होतो.

मी पावती शोधून फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

"काय झालं रे?" अबू सरमदने विचारलं.

"तू बरोबर होतास," एवढंच तोंडून निघालं, आणि मी टॅक्सीकडे पळालो.

जाफरानियाला पोचायला वीस मिनिटं लागली. वाटेत आणखी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा वाजून वाजून बंद झाला. ड्रायव्हर गरमीला शिव्या देत होता आणि मी मनात बेरीज करत होतो, जणू या खेपेला ती चारच्या आत येईल.

गल्लीच्या तोंडाशीच नब्रास भेटली. एका हातात औषधांची पिशवी, दुसऱ्यात गरम समून पावांची. घामाने चेहरा निथळत होता, पण ती हसत होती.

"उस्ताद! तुम्ही इकडे? तुमच्या तन्नूरने कमाल केली हो. सकाळी एक लग्न संपलंसुद्धा. मग सरकारी वीज गेली, दुसरं जनरेटरवर लावून निघाले, तर औषधवाल्याने दीड तास बसवलं. पण म्हटलं, तुम्ही मोजलंय."

तिच्या मागे भिंतीवर जनरेटरची पेटी होती. घराघरांचे ब्रेकर रांगांनी, प्रत्येकाखाली खडूने नाव. सगळे वर होते. फक्त चौथ्या रांगेतला एक खाली पडलेला होता. त्याच्याखाली लिहिलं होतं, जब्बार शिंपी.

"मी फोन करत होतो," मी म्हणालो. "चारदा केला."

"अरे देवा, फोन मी बाबांच्या उशाशी ठेवलाय. मी नसले की तेच उचलतात." तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि दाराची किल्ली काढली. "मग? काय म्हणाले बाबा?"