आठ तासांची फाइल

गुंडेराव हमालाला मरून चौथाच दिवस, आणि वीरभद्रप्पाच्या डाळमिलनं त्याला चोर ठरवूनही टाकलं होतं. म्हणे पहाटे पाचला कुलूप तोडून गोदामात शिरला, तुरीचं पोतं चोरायला. आत किडं मारायच्या गोळ्यांचा गॅस होता. मेला. पोलिसांनी हेच लिहून घेतलं. हमाल गप्प राहिले. रिकाम्या पोटाचा माणूस गप्प बसतो, भरल्या पोटाचा वाट्टेल ते बोलतो.

खरं काय ते गोदामातल्या एका प्लास्टिकच्या डब्यात होतं. कडगंची गावात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या चन्नवीरानं तो जुळवला होता. बोटाएवढा कंट्रोलर, गॅस हुंगणारा सेन्सर आणि मेमरी कार्ड. दर मिनिटाला एक ओळ, दर दिवसाला एक फाइल. गॅस पुरते सात दिवस टिकतो का ते बघायला वीरभद्रप्पानंच तो मागवला होता. त्या दिवशीच्या फाइलीत सकाळी आठपर्यंत आकडे चढे होते, मग धाडकन खाली आले होते. म्हणजे दार पाचला उघडलंच नव्हतं. आठला उघडलं, तेही गॅस धरल्याच्या तिसऱ्याच दिवशी. आठ वाजता ट्रक उभे असतात, मिल माणसांनी भरलेली असते, आणि किल्ली वीरभद्रप्पाच्या कमरेला असते.

"ती फाइल पूस," वीरभद्रप्पा म्हणाला. "माझ्यासमोर."

चन्नवीरानं डबा लॅपटॉपला जोडला आणि फाइल पुसली. मनात एक हिशेब होता. पुसल्यावर यादीतलं नाव तेवढं जातं, आतला मजकूर तसाच राहतो. वरून दुसरं काही लिहिलं तरच तो मरतो. कार्ड घरी न्यायचं, फाइल परत काढायची, गुंडेरावाच्या बायकोला द्यायची. भित्र्या माणसाचे हिशेब असेच हुशार असतात.

"कार्ड साफ करून आणतो, अण्णा."

"कामून? कार्ड हितंच राहील. चालू कर. आज परत गॅस धरायलोय. तुझा शाणपणा दुकानात ठेव."

अकराला चन्नवीरानं डब्याचं बटण दाबलं. हमालांनी गोळ्या ठेवल्या. दाराच्या फटींवर प्लास्टिक चिकटलं, कुलूप पडलं. आता सात दिवस.

तो ओट्यावर आला, तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं. डबा नवी फाइल मोकळ्या झालेल्या पहिल्याच जागेत लिहितो. ती जागा गुंडेरावाच्या दिवसाची. दर मिनिटाची नवी ओळ त्या दिवसाचं एक मिनिट खाणार, मध्यरात्रीपासून पुढं. आठ तास खायला आठच तास. संध्याकाळी सातला सकाळचे आठ संपणार. झरोक्याच्या काचेतून डब्याचा हिरवा दिवा दिसत होता. मिनिट झालं की लुकलुकायचा.

फाटकाशी गुंडेरावाची बायको शिवगंगा बसून होती. चार दिवस तिथंच. चन्नवीरानं तिला सगळं सांगितलं.

"मंग जा की आत. आण."

"आत गेलो तर मीबी मरतो, अक्का."

"मरायचं भ्या वाटतंय व्हय? पुसताना न्हाई वाटलं? माझ्या धन्याला दुसऱ्यांदा मारलास तू." ती उठली. भिंतीवरून गोदामात गेलेल्या वायरीकडं तिनं बोट केलं. "त्या डब्याला करंट कुठून यायलाय?"

सगळा वेळ चन्नवीर कार्डाचाच विचार करत होता. तो ओट्यावरल्या बोर्डाकडं धावला आणि गोदामाचा फ्यूज ओढला. झरोका काळा पडला.

त्याची धावपळ बघून वीरभद्रप्पा बाहेर आला. "लाइट कुणी घालवली रे? शिवकुमार, फ्यूज बसव."

शिवकुमार हमालांचा मुकादम. त्यानं चन्नवीराकडं पाहिलं.

"बसवा," चन्नवीर म्हणाला. "लाइट आली तरी डबा चालू होत न्हाई. बटण दाबावं लागतंय, आन बटण आत हाय. अण्णा, ती फाइल अजून कार्डात हाय. तुमी दार आठला उघडल्याची. सात दिवस आमी हितंच बसतो. पोलीस आन गाव, सगळ्यांसमोर उघडू."

वीरभद्रप्पाचा चेहरा विटकरीसारखा झाला. त्यानं कमरेची किल्ली काढली आणि मुकादमापुढं धरली. "दार उघड. डबा घिऊन ये."

शिवकुमारनं हात मागं बांधले.

"अरे, ऐकू येईना का? तू जा रे! तू!"

अकरा हमाल. एकही हलला नाही. कुणी तंबाखू मळत होता तो मळायचा थांबला.

"आईघाल्यांनो, उद्यापासून कामाला येऊ नका!" वीरभद्रप्पा ओरडला आणि स्वतःच दाराकडं गेला. चिकटपट्टी त्यानं नखानं ओरबाडली. फटीतून सडक्या लसणासारखा वास आला.

"उघडा की," शिवगंगा मागून म्हणाली. "वासच तर हाय, दोन मिन्टाचं काम हाय. माझ्या धन्याला असंच म्हणून आत पाठवलं न्हवं?"

हे तिला कुणी सांगितलं, ते विचारायला वीरभद्रप्पा वळला नाही. त्यानं किल्ली कुलपात घातली. पदर, टॉवेल, बाही, जे हाती लागलं ते नाकाला लावून सगळे चार पावलं मागं सरले.

किल्ली फिरेना. कुलूप नवं होतं, तेल पाजलेलं. त्याचा हातच फिरत नव्हता.