सुतकातला सिलिंडर

वादळ किनाऱ्यावर आदळले त्याच संध्याकाळी नीलाबाई गेल्या. त्यांच्या जाण्याशी वादळाचा तसा काही संबंध नव्हता. दुपारभर त्या वाण्याच्या दुकानापुढच्या रांगेत उभ्या होत्या. तांदळाच्या दोन पिशव्या, पाच लिटर तेल, मिठाचे सहा पुडे आणि मेणबत्त्या घेऊन तीन जिने चढून आल्या, सगळे फडताळात लावले, "जरा पडते हं," म्हणाल्या आणि पुन्हा उठल्या नाहीत. "एवढ्या मिठाचा काय समुद्र करायचा आहे?" हे त्यांच्या नवऱ्याचे, श्यामसुंदर मास्तरांचे, त्यांच्याशी बोललेले शेवटचे वाक्य ठरले.

आज पाचवा दिवस होता. मुलुंड पूर्वेच्या त्या तीन मजली, गॅलरीच्या इमारतीत वीज आलेली नव्हती. पाइपचा गॅस तर तिथे कधीच पोचला नव्हता. महामार्गावरचा पूल खचल्यामुळे सिलिंडरच्या गाड्या कुठेतरी अडकून पडल्या होत्या, आणि पेट्रोलपंपावरची वाहनांची रांग चेकनाक्याच्याही पलीकडे गेली होती. दुकानांत उरली होती ती अगरबत्ती आणि भांडी घासायची पावडर. वादळाने नेले त्याहून अधिक लोकांनी धास्तीने उचलून नेले होते.

मास्तरांना हे सगळे ठाऊक होते; परंतु दुसऱ्या कोणाच्या गावाची हकीकत ऐकावी तसे. दिव्यात तेल घालणे, स्नान करणे, पुन्हा दिव्यापाशी बसणे, एवढे ते करीत. बंगळुरूहून मुलगी अनुपमा फोनवर रडे. विमाने बंद होती. मास्तर तिचे सांत्वन शुद्ध, पूर्ण वाक्यांत करीत आणि फोन ठेवल्यावर आपण काय बोललो ते त्यांना आठवत नसे.

समोरच्या दारातली शकु दोन्ही वेळा डबा आणून उंबऱ्याबाहेर ठेवी. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजाऱ्याने जेवू घालावे, ही रीत. मास्तर डबा उघडीत, जेवीत, धुऊन परत ठेवीत. भाताला दोन दिवस धुराचा वास येत होता हेही त्यांना जाणवले नव्हते.

पाचव्या दिवशी सकाळी अनुपमाला फोन लागेना, म्हणून ते गच्चीवर गेले. तिथे टाकीच्या आडोशाला तीन विटा मांडून शकु चूल फुंकत होती. जळण म्हणून उन्मळून पडलेल्या झाडाच्या ओल्या फांद्या होत्या आणि त्यांना आधार म्हणून एका कपाटाची फळी. तिचे डोळे लाल झाले होते. पातेल्यातला भात तिने डब्यात भरला. तळाला उरलेले पांढरे पाणी एका वाटीत ओतले.

"हे काय, शकु? गॅस?"

"संपला परवा," ती वर न पाहता म्हणाली. "अख्ख्या इमारतीचा संपला. आमचा बाळा टेम्पो घेऊन पंपावर दोन दिवस पडलाय, डिझेल मिळालं तर भिवंडीहून एखादा सिलिंडर आणेल म्हणतो. बघू."

"ते पाणी कोणाला?"

"सासूबाईंना. दात नाहीत, भात गिळत नाही. मऊ पेज करायची तर तासभर जाळ लागतो. एवढी लाकडं कुठली?"

"म्हणजे तू मला भात देतेस आणि त्यांना निवळ?"

"मग काय करू? सुतकातल्या माणसाला उपाशी ठेवतात काय?"

आपल्या स्वयंपाकघरात ओट्याखाली एक सिलिंडर जोडलेला आहे आणि दुसरा, सील न फोडलेला, कोपऱ्यात आहे, हे मास्तरांना एखाद्या जुन्या पाठासारखे हळूहळू आठवले. नीलाबाईंनी आठवडाभर आधीच फोन करून मागवून ठेवला होता.

"माझ्याकडे भरलेला सिलिंडर आहे. तो घेऊन जा."

शकुने हात पुसले. "नको."

"का?"

"मास्तर, तुम्हीच विचारता? सुतकाच्या घरातून काही बाहेर जात नाही. तुम्हीच सांगितलंत ना मला."

ते खरेच होते. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेल्या मास्तरांना सबंध इमारत असले प्रश्न विचारी. सोयर किती दिवस, सुतक कोणाला, ग्रहणात काय करावे. मास्तर एका वाक्यात उत्तर देत, आणि ते वाक्य इमारतीत कायद्यासारखे चाले.

"आपत्काळात शास्त्राने सूट दिली आहे," ते म्हणाले. "देशावर संकट असता सुतक आड येत नाही. तत्काळ शुद्धी सांगितलेली आहे."

"असं?" शकु चुलीपासून उठली. "कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

"मग कोरोनात मामा गेले तेव्हा कुठं होती ही सूट?"

मामा म्हणजे तिचे सासरे धोंडिराम. गिरणी बंद पडेपर्यंत मागाच्या साच्यावर उभा राहिलेला माणूस. ते गेले त्या महिन्यात शकु तळमजल्यावरच्या अण्णांना दोन वेळचा डबा देत असे. अण्णा एकटे, पंच्याहत्तरीचे, त्यांच्या दाराशी जायलाही लोक धजत नव्हते. सासरे गेल्यावर शकुने मास्तरांना गॅलरीत गाठून विचारले होते, अण्णांना डबा चालेल का? मास्तर तेव्हा पंच्याने हात पुसत होते. "सुतकाच्या घरचे अन्न दहा दिवस कोणी घ्यायचे नाही," एवढे बोलून ते आत गेले होते.

"दहा दिवस अण्णांनी पाण्यात बुडवून पाव खाल्ला," शकु म्हणाली. "मी वरून बघायची. आमच्या घरात डाळ-तांदूळ होते. अकराव्या दिवशी मी पेज नेली तर म्हणाले, शकु, मला वाटलं तू पण गेलीस. पुढं पुतण्या गावाला घेऊन गेला त्यांना. ती आपत्ती नव्हती काय, मास्तर?"

"होती."

"तुम्हाला ठाऊक होती ही सूट?"

"होती."

"मग?"

मास्तरांनी उत्तर शोधले. दुःख, क्रोध, लज्जा, यांपैकी काहीतरी हाताला लागेल असे त्यांना वाटले; पण आत सगळीकडे एकसारखे, सपाट होते. त्या सपाटीवर एकच गोष्ट स्पष्ट दिसत होती, आणि ती त्यांनी सांगितली.

"मी विचारच केला नाही. तू विचारलेस, मी पाठ असलेले बोललो."

शकुने डब्याचे झाकण लावले. मग म्हणाली, "माझं सोडा. मी घेईनही. पण सासूबाई तुमच्या त्या शब्दावर बसल्यात. तुमच्या घरच्या गॅसवर शिजलेलं तोंडात घेणार नाहीत, प्राण गेला तरी. त्यांना तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर म्हणतील, सून चटावली."

दोघे खाली आले. सुतकात दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायचे नाही, म्हणून मास्तर शकुच्या उंबऱ्याबाहेर थांबले. दाराजवळच्या खाटेवर म्हातारी उशीला टेकून बसली होती. मनगटे काडीसारखी झाली होती.

"काकी, आपत्काळात सुतकाची सूट असते. आमच्याकडच्या गॅसवर केलेली पेज तुम्ही घ्यावी."

"काय म्हणतंत?"

"जोरात सांगा," शकु म्हणाली. "त्यांना ऐकू येत नाही."

मास्तरांनी आवाज चढवला. "सूट असते! संकटात सुतक नाही!"

"मगे आमचो माणूस गेलो तेव्हा कशाक नाय सांगितलात?"

"चुकलो!"

"आं?"

"माझी चूक झाली! तेव्हाही चालले असते! अण्णांना डबा चालला असता!"

वर्गातही त्यांनी एवढा आवाज कधी काढला नव्हता. मधल्या चौकात तो शब्द घुमला. समोरच्या गॅलरीतली एक खिडकी उघडली, मग दुसरी. म्हातारी ओठ हलवीत ते सारे जणू चावून पाहत होती.

"अण्णांका सांगितलात ह्या?"

"नाही!"

"तेंका सांगूक होया. माका सांगून काय उपेग?" ती सुनेकडे वळली. "घाल गो शकु, पेज घाल. मऊ कर. मीठ बेतान."

सिलिंडर ओढत नेण्यापेक्षा तिथेच शिजवणे बरे, असे म्हणून शकु मास्तरांच्या घरात शिरली. जाता जाता ती म्हणाली, "अण्णांच्या पुतण्याचा नंबर बाळाकडे आहे. तो आला की देते. मी विसरले तरी तुम्ही विसरू नका." तिच्या स्वरात क्षमा नव्हती. मास्तरांनी मान डोलावली.

म्हातारीने पेज घेतली. एक वाटी, मग अर्धी. मास्तर आपल्या दारातल्या खुर्चीवरून ते पाहत होते. बरे वाटायला हवे, असे त्यांच्या मनात आले. आणि मनात आले एवढेच.

मोठ्याने उच्चारलेला शब्द मात्र परत घेता येत नाही. पाऊण तासात दुसऱ्या मजल्यावरची दर्शना कुकर कडेवर घेऊन जिन्यात उभी राहिली.

"मास्तर, सुतक उठलं म्हणे?"

"उठले नाही. आपत्काळात त्याला—"

"तेच ते. कुकर लावू का? दोन शिट्ट्या फक्त. पोरं बिस्किटं खाऊन वैतागलीत हो."

"लाव."

तिच्या मागे आणखी एक पातेले आले. त्यामागे दुधाची पिशवी, त्यामागे नुसतीच एक कढई. "ओ, रांगेनं या ना, इथंपण पंप केलाय काय!" कोणीतरी म्हणाले, कोणीतरी हसले, आणि मग कोणाच्या घरात आपण हसलो हे आठवून गप्प झाले. दिव्यापाशी आवाज नको, म्हणून बायका कुजबुजत होत्या. पण स्वयंपाकघर लहान होते आणि भांडी मोठी होती.

फडताळ उघडले गेले. तांदळाची एक पिशवी फुटली, मग दुसरी. तेलाच्या डब्याचे झाकण निघाले. "मीठ किती आणलंय वहिनींनी!" असा आवाज आला, आणि एक पुडा मास्तरांच्या समोरून दुसऱ्या मजल्यावर गेला. नीलाबाईंनी ज्या क्रमाने सामान लावले होते तो क्रम मोडत चालला होता. मास्तरांनी कोणाला अडवले नाही. आपल्या जागी त्या असत्या तर त्यांनी आधी कोणाला दिले असते, याचा ते विचार करू पाहत होते. आणि तो विचार पुढे सरकत नव्हता.

आतून शकुने हाक मारली, "मास्तर, डाळीला फोडणी देते. सुतकात देत नाहीत, पण संकटात तीही चालेल ना?"

"चालेल," मास्तर म्हणाले. या खेपेस त्यांनी क्षणभर विचार केला होता.

डब्यांची झाकणे उघडण्याचा, लावण्याचा आवाज येत राहिला. मग ती पुन्हा दारात आली. हातात पळी होती, कढईतले तेल तापून धूर धरू लागले होते.

"मोहरी कुठं ठेवतात हो तुमच्याकडे?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिले, मग तिच्या खांद्यावरून आत, त्या दोन भिंतींवरच्या डब्यांकडे. एकेचाळीस वर्षे त्यांनी या घरात फोडणीचे वरण खाल्ले होते.

"मला ठाऊक नाही," ते म्हणाले.