गोदी

पोलीस ॲक्शनला पाच-सहा वर्षं झाली असतील. छावणीत राहणारा बन्सी शहरातल्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई होता. माणूस मोठा अबोल. बायकोला हाक मारायची ती "अगं" एवढीच. बायकोचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं, ही रीतच.

तोच बन्सी आताशा जेवताना आपणहून बोलू लागला. "आज गोदी लई मलूल होती." दुसऱ्या दिवशी, "गोदीनं खाल्लं बरं का आज!"

त्याच्या बायकोची, दगडाबाईची, तव्यावरची भाकरी करपली. गोदी! काय गोड नाव! आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून हिला आईबापांनी दगडाचं नाव दिलेलं. कॉलेजातली कुणी नाजूक बाई तिच्या डोळ्यांपुढं उभी राहिली, नि तिनं शेजारच्या रईसापुढं सगळा जळफळाट ओकला.

रईसा म्हणाली, "भाभी, जलके क्या होता? जाके देखो तो सही!"

सकाळी दगडाबाईनं नवऱ्याचा डबा मुद्दाम लपवला आणि दुपारी तोच घेऊन कॉलेज गाठलं. बन्सी काचेच्या टाकीपुढं उकिडवा बसला होता. "ये गं गोदे, ये बाय माझी," असं लाडानं म्हणत गांडुळाचा तुकडा पाण्यात सोडत होता.

टाकीत बोटाएवढा, लांब मिशांचा मासा!

"ही तुमची गोदी?"

बन्सी दचकला. "व्हय. शिंगट्याच्या जातीतली हाय. साहेब म्हणत्यात, गोदावरीचं खोरं सोडून ही कुठंच घावत नाय. म्हणून पोरांनी गोदी नाव ठेवलं. हात नको घालू, काटा मारती."

आता खरं तर तिला हसू यायला हवं होतं. पण सवत मासळी निघाली म्हणून जळणं थोडंच थांबतं?

"मिशा बघा सवतीच्या!" ती फणकारली. "हिनं खाल्लं का नाय, ते तुम्हाला रोज कळतं. मी कालपासून उपाशी हाय, ते कळलं का?"

बन्सीचा चेहरा उतरला. "अगं, मुक्या जिवाला सांगता येत नाय, म्हणून बघावं लागतं. तुला तर तोंड हाय."

"तोंड हाय. इचारणारा नाय."

बन्सीनं हात धुतले, डबा उघडला, भाकरी मोडून पिठल्यात बुडवली आणि पहिला घास तिच्यापुढं धरला.

"अवो, पोरं बघत्यात दारातनं!"

"बघू दे."

तिनं घास घेतला. चावता चावता टाकीकडं तिरपं पाहिलं नि गांडुळांची वाटी हळूच आपल्या पाठीमागं सारली.

"तिला संध्याकाळी द्या," ती म्हणाली.